खापरपणजोबा जर्मन, जन्म रशियात, शेत कॅन्ससमध्ये

माळरान
आमच्या सुनेचं माहेर कॅन्ससमध्ये, एलिस काउंटीत, व्हिक्टोरिया गावाजवळ. घरातले सगळे स्वतःला जर्मन म्हणवतात. आडनाव जर्मन, नाताळची गाणी जर्मन, तिच्या आजीच्या तोंडी तर अजून त्यांची जुनी बोली आहे. नातीसाठी वंशावळ लिहायला विहीणबाई आणि मी बसलो, तर 1900 च्या जनगणनेत खापरपणजोबांच्या नावापुढे जन्मस्थान रशिया. वडिलांचं रशिया, आईचंही रशिया. मी चकित. विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, "हो, आम्ही व्होल्गाकाठचे ना."

मग मी खणायला लागले. इथे लिहितेय कारण 'जर्मन माणूस बोटीतून उतरला, त्याला फुकट जमीन मिळाली, तो गव्हाचा राजा झाला' अशी गोष्ट आपण ऐकलेली असते, आणि कागद काढले की ती जवळजवळ प्रत्येक वळणावर वेगळी निघते.

मूळ धागा 1763 चा. रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरीन ही स्वतः जर्मन राजघराण्यातली लेक. व्होल्गाच्या दोन्ही काठांची ओसाड जमीन तिला लागवडीखाली आणायची होती. जुलै 1763 मध्ये तिने परदेशी लोकांसाठी जाहीरनामा काढला: जमीन देऊ, 30 वर्षं कर नाही, धर्म तुमचा तुम्ही पाळा, आणि सैन्यात भरती करणार नाही. सात वर्षांचं युद्ध त्याच वर्षी संपलेलं, जर्मनीतल्या हेसेसारख्या भागातली माणसं कर्जाने आणि लष्कराच्या जाचाने पिचलेली. 1764 ते 1767 या काळात साधारण तीस हजार माणसं निघाली. सारातोव्हच्या आसपास शंभरावर गावं वसली. कोणतं गाव कॅथलिक, कोणतं प्रोटेस्टंट, हे पहिल्यापासून ठरलेलं, आणि लग्नं त्याच हिशोबाने.

पुढे दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे रशियन गावांसारखी यांच्याकडेही जमीन गावाच्या मालकीची झाली, आणि घरात पुरुष किती यावर ती ठरावीक वर्षांनी पुन्हा वाटली जाऊ लागली. लोक वाढले, वाटा आक्रसला. दुसरी म्हणजे 1871 मध्ये झारने या वसाहतींचे खास हक्क काढून घेतले आणि 1874 मध्ये सक्तीची लष्करभरती सर्वांना लागू झाली. एकदा दिलेलं वचन मोडलं म्हटल्यावर माणसांनी पुन्हा गाठोडी बांधली.

1874 मध्ये कॅथलिक गावांनी आपली पाच शहाणी माणसं अमेरिका बघायला पाठवली. ती परत आली ती तिकडची माती आणि गवत सोबत घेऊन! मला हे फार आवडलं. रेल्वे कंपनीची माहितीपत्रकं काहीही म्हणोत, शेतकऱ्याला ढेकूळ हातात घेऊन बघायचं होतं. मग 1875 च्या शरदात पहिला मोठा जथा ब्रेमेनहून बोटीने निघाला, नोव्हेंबरात बाल्टिमोरला उतरला, हिवाळा टोपीकात काढला आणि 1876 च्या वसंतात पश्चिमेला एलिस आणि रश काउंटीत गेला. लीबेनथाल, कॅथरीन, हर्झोग, मुन्योर, फायफर, शोएनशेन अशी गावं वसली. बहुतेक नावं व्होल्गावरच्या गावांचीच. यातल्या बहुतेकांनी जर्मनी पाहिली ती ब्रेमेनला जाताना, रेल्वेच्या खिडकीतून.

कोणाला यातलं काही माहीत असेल तर भर घाला. पुढचं लिहिते सावकाश.

निमशहरी
वाचतोय. व्हिक्टोरिया हे नाव जर्मन गावाचं कसं?

माळरान
@निमशहरी, चांगलं पकडलंत. व्हिक्टोरिया ही मुळात इंग्रजांची वसाहत. जॉर्ज ग्रँट नावाच्या गृहस्थांनी 1873 मध्ये सुरू केली, नाव राणीचं. येणारे बरेचसे खानदानी घरातले तरुण. गुरं पाळू, शिकार करू, असा बेत. काही वर्षांत बहुतेक जण परतले किंवा पांगले. शेजारच्या हर्झोगमधले जर्मन मात्र टिकले, आणि पुढे दोन्ही गावं एक होऊन नाव तेवढं राणीचं उरलं.

भीमाकाठ
मला एक सांगा ताई, 160 एकर फुकट म्हणतात ते खरं काय? आमच्याकडं तर गुंठ्यावरून भाऊबंदकी होती.

माळरान
@भीमाकाठ, खरं, पण अटींसह. 1862 चा होमस्टेड कायदा. 21 वर्षं पूर्ण किंवा कुटुंबप्रमुख, अमेरिकेचा नागरिक किंवा नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेला, एवढं असलं की 160 एकर मागता येत. सगळी मिळून फी 18 डॉलर. पण त्या जमिनीवर पाच वर्षं राहायचं, घर बांधायचं, जमीन फोडायची, आणि शेवटी साक्षीदार उभे करून हे सगळं सिद्ध करायचं. तेव्हा कुठे पट्टा नावावर. घाई असेल तर सहा महिने राहून एकरी सव्वा डॉलर भरून विकत घेता येई.

देशभरात सुमारे 40 लाख अर्ज झाले आणि पट्टे मिळाले 16 लाखांच्या आसपास. म्हणजे निम्म्याहून जास्त लोक मधेच सोडून गेले, विकून मोकळे झाले किंवा हरले. हे गोष्टीत कोणी सांगत नाही, कारण हरलेल्यांचे वंशज तिथे राहिलेच नाहीत सांगायला.

शिवाय सगळी जमीन सरकारी नव्हती. मोजणी अशी: सहा मैल गुणिले सहा मैलांचा चौक, त्याचे 36 तुकडे, प्रत्येक तुकडा एक चौरस मैल म्हणजे 640 एकर. त्याचा चतुर्थांश म्हणजे ते 160 एकर. यातले रुळांलगतचे विषम क्रमांकाचे तुकडे रेल्वे कंपनीला दिलेले. म्हणून एक भाऊ होमस्टेडवर, तर दुसरा शेजारी कॅन्सस पॅसिफिक रेल्वेकडून हप्त्याने घेतलेल्या जमिनीवर, असं दिसतं. रेल्वेला डबे भरायला धान्य हवं होतं, म्हणून तर कंपन्यांची माणसं थेट रशियापर्यंत जाऊन शेतकरी गोळा करत.

आणखी एक गंमत. कायदा म्हणतो घर तुमच्या जमिनीवर हवं. व्होल्गावाल्यांना सवय गावात राहून शेतावर जाण्याची. चर्च, शाळा, शेजार सोडून मैलभर लांब एकटं राहायचं हे त्यांना पटेना. त्यांनी गावं वसवली ती वसवलीच, आणि दोन्हीचा मेळ घालण्यात बऱ्याच खटपटी केल्या.

अक्कलकोटी
म्हणजे ती फाईल म्हणजे सातबारा आणि पंचनामा एकत्रच की! घर किती बाय किती, विहीर आहे का, किती एकर नांगरली, हे सगळं असतं का त्यात?

माळरान
@अक्कलकोटी, हो, नेमकं तेच. घराची मापं, खिडक्या-दारं, गुरं किती, कोणत्या वर्षी काय पेरलं, किती एकर. साक्षीदार म्हणून शेजारी, आणि नागरिकत्वाचे कागद जोडलेले. मूळ फायली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. कुटुंबातल्या आठवणींपेक्षा मी त्या कागदावर जास्त विश्वास ठेवते. आठवणीत सगळेच शूर असतात, कागदात 'दहा एकर फोडली, पीक गेलं' असं लिहिलेलं असतं.

शंकासुर
सगळं छान चाललंय, पण एक विचारतो. ही 'ओसाड' जमीन कोणाची होती आधी? सम्राज्ञीलाही ओसाड दिसली, अमेरिकेलाही ओसाड दिसली. माणसं नव्हतीच का तिथे?

माळरान
@शंकासुर, होती. पश्चिम कॅन्सस हा शायेन आणि अरापाहो लोकांचा शिकारीचा मुलूख. ऑक्टोबर 1867 मध्ये मेडिसिन लॉजचे करार झाले आणि त्यांना दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात ढकलण्यात आलं. ज्यांच्या नावावरून राज्याचं नाव पडलं त्या कॉ, म्हणजे कान्झा, लोकांना 1873 मध्ये कॅन्ससमधून हलवलं. आमच्या सुनेचे लोक आले 1876 ला. मधलं अंतर बघा.

त्याच काळात, 1872 ते 1874, दक्षिणेकडच्या गवताळ प्रदेशातल्या गव्यांची कत्तल झाली. कातडी काढून बाकीचं तिथेच टाकलेलं. नव्याने आलेल्या अनेक कुटुंबांच्या हातात पहिला रोख पैसा आला तो गव्हाचा नव्हे, माळावर पडलेली हाडं वेचून रेल्वेला विकल्याचा. खतासाठी जात ती. विहीणबाईंच्या घरीही हाडं वेचल्याचं सांगतात, मुलांचं काम म्हणून, हसत हसत. ती हाडं तिथे का पडली होती हे त्या गोष्टीत येत नाही.

1878 च्या सप्टेंबरात उत्तरेकडचे शायेन उपासमारीला कंटाळून ओक्लाहोमातून आपल्या मूळ मुलखाकडे निघाले, ते याच पश्चिम कॅन्ससमधून. वाटेत लष्कराशी चकमकी झाल्या, वस्तीवरचे शेतकरीही मारले गेले. दोन वर्षांपूर्वीच येऊन घर बांधलेल्या माणसाला आपण कुठे येऊन बसलोय हे तेव्हा तरी कळलं असेल.

शंकासुर
उत्तराबद्दल आभार. बहुतेक अशा धाग्यांत हा प्रश्न विचारला की लोक चिडतात.

जुनी_जाणती
झाडं नाहीत, मग घर कशाचं आणि चूल कशावर? हे विचारायला कोणी पुरुष येणार नाही म्हणून मीच विचारते.

माळरान
@जुनी_जाणती :)
पहिलं घर मातीचं. पण आपल्यासारखी माती कालवून नाही. गवताच्या मुळांचं जाळं इतकं दाट की नांगराने पट्टा उलटवला की सलग वळकटीसारखा सुटे. फूटभर रुंद, तीन फूट लांब असे तुकडे कापायचे आणि रचायचे. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार, आणि पावसात गळणार. बाहेरचा पाऊस थांबल्यावरही आत दोन दिवस चिखल टपकत राही, असं वर्णन सगळीकडे येतं. साप आणि उंदीर घरचेच.

एलिस काउंटीत मात्र जमिनीखाली चुनखडीचा एक सलग थर आहे, जेमतेम आठ-नऊ इंच जाड. ताजा खणला की मऊ, हवा लागली की टणक. पाचर मारून लांब कापायचा. घरं त्याची, चर्च त्याचं, आणि कुंपणाचे खांबसुद्धा दगडाचे, कारण लाकूड नाही. एकेक खांब दीडदोनशे किलोचा. काटेरी तार 1874 च्या पेटंटनंतर सर्रास मिळू लागली, ती या खांबांना बांधायची. ते खांब आजही मैलोन् मैल दिसतात.

चूल गोवऱ्यांवर. आधी गव्यांचं वाळलेलं शेण, ते संपल्यावर गुरांचं शेण आणि पेंढा तुडवून, विटा पाडून, वाळवून. ही विद्या व्होल्गाकाठचीच, तिथेही झाडं नव्हती. अमेरिकन शेजारणी नाक मुरडत म्हणे. मी हे ऐकलं तेव्हा विहीणबाईंना म्हटलं, आमच्या सोलापुरात या कधी.

आणि कायद्यात बायकांचं स्थान विचारलं नाहीत तरी सांगते: अविवाहित बाई किंवा विधवा स्वतःच्या नावावर होमस्टेड घेऊ शकत होती. नवरा असलेलीला ते जमत नसे.

ढगफुटी
तिथे पाऊस किती पडतो? आणि टोळधाड वगैरे?

माळरान
@ढगफुटी, एलिस काउंटीतल्या हेजला वर्षाला सरासरी 23 इंचांच्या आसपास. पश्चिमेला जाल तसा कमी. शंभराव्या रेखावृत्ताच्या पलीकडे नुसत्या पावसावर शेती भरवशाची नाही, हे भूशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल यांनी 1878 च्या अहवालात सरळ लिहून ठेवलं होतं. ऐकतंय कोण! 'नांगरामागून पाऊस येतो' ही घोषणा जास्त खपली, कारण त्यात जमीन विकणाऱ्यांचा फायदा होता.

टोळ 1874 ला आले. आमच्या मंडळींच्या आधी, पण त्याच वर्षी रशियातून आलेल्या मेनोनाइट पंथाच्या कुटुंबांनी ते पाहिले. पिकं तर गेलीच, औजारांचे लाकडी दांडेसुद्धा कुरतडले. आणि नवल म्हणजे तीच जात पुढे पार नष्ट झाली. तिचे शेवटचे जिवंत नमुने 1902 चे.

बी_बियाणे
शेवटी मेनोनाइट आले, आता मला तोंड उघडू द्या. गव्हाच्या पैदाशीत आयुष्य गेलंय.

आधी एक फरक. माळरानताईंचे व्होल्गावाले कॅथलिक. मेनोनाइट वेगळे, ते दक्षिण रशियातून, अझोव्हच्या समुद्राजवळच्या मोलोच्ना वसाहतीतून आणि क्रिमियातून आले, भाषा जर्मनच, पण शस्त्र हाती न घेणारा पंथ. त्यांना कॅन्ससमध्ये आणलं सांता फे रेल्वेने, 1874 मध्ये, मध्य कॅन्ससमध्ये. त्यांनी आणलेल्या गव्हाचं नाव 'टर्की रेड'. लाल, कडक दाण्याचा, शरदात पेरायचा, बर्फाखाली झोपणारा आणि उन्हाळ्याच्या तडाख्याआधी कापणीला येणारा. लहान मुलीने एकेक दाणा निवडून पेटी भरली वगैरे कथा तिकडे पुतळ्यासकट सांगतात. मी ती कथा म्हणूनच घेतो.

तो गहू लगेच गाजला नाही. दाणा इतका कडक की जुन्या जात्याच्या गिरण्यांना तो नको होता, भाव कमी मिळे. पोलादी रोलरच्या गिरण्या आल्या तेव्हा त्याचं चीज झालं. हॉल्स्टेड आणि न्यूटनचे गिरणीमालक बर्नहार्ड वॉरकेन्टिन, ते स्वतःही रशियातून आलेले मेनोनाइट, यांचा यात मोठा हात. मग मात्र कॅन्सस म्हणजे हाच गहू असं समीकरण अर्धं शतकभर टिकलं.

आता आपल्या ताटापर्यंत येतो. जपानमध्ये 'फुल्ट्झ-दारुमा' आणि हाच टर्की रेड यांच्या संकरातून 'नोरिन 10' ही बुटकी जात निघाली, 1935 मध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतर तिचं बी अमेरिकेत गेलं, ऑरव्हिल व्होगेल यांनी त्यावर काम केलं, तिथून ते मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्याकडे. त्यातून लेर्मा रोहो आणि सोनोरा 64 या जाती. 1966 मध्ये भारताने लेर्मा रोहोचं 18,000 टन बियाणं आयात केलं, आणि पुढे कल्याण सोना, सोनालिका. बुटकेपणाचे जनुक दारुमाकडून आले, टर्की रेडकडून नव्हे, हे मुद्दाम सांगतो, नाहीतर उद्या कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर 'हरितक्रांतीचा गहू जर्मनांनी आणला' असं फिरवेल. पण वंशावळीत तो आहे.

भीमाकाठ
म्हंजे सुनेकडची वंशावळ काढता काढता पोळीची निघाली! आमच्या आईला 72 च्या दुष्काळातली रेशनची लाल मिलो आठवती, अमेरिकेची. नाव काढलं तरी तोंड वाकडं करती.

बी_बियाणे
@भीमाकाठ, मिलो ही ज्वारी, तिचा टर्की रेडशी संबंध नाही. पण कॅन्ससच ज्वारीतही आघाडीवर आहे, त्यामुळे आईंचा राग योग्य पत्त्यावर जायची शक्यता बरीच.

रेषेबाहेर
पहिल्या महायुद्धात या लोकांचं काय झालं? जर्मन म्हणून त्रास झाला असेल ना, रशियात जन्मलेले असूनही?

माळरान
@रेषेबाहेर, झाला. नागरिक रशियात जन्मला की बव्हेरियात, हे जमाव विचारत बसत नाही. मेनोनाइट लढायला नकार देत म्हणून कॅन्ससमध्ये त्यांच्या दारांना पिवळा रंग फासला गेला. नेब्रास्कातल्या बर्लिन गावाचं नाव बदलून ओटो झालं. आयोवाच्या राज्यपालांनी मे 1918 मध्ये सार्वजनिक ठिकाणी, शाळेत, चर्चमध्ये, अगदी टेलिफोनवरसुद्धा इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलू नये असा फतवा काढला.

यातलं सर्वांत महत्त्वाचं प्रकरण नेब्रास्काचं. 1919 मध्ये तिथे कायदा झाला की आठवी पास होईपर्यंत मुलांना परकी भाषा शिकवायची नाही. रॉबर्ट मायर हे हॅम्प्टनच्या चर्चच्या शाळेतले शिक्षक. दहा वर्षांच्या मुलाला जर्मनमध्ये बायबलमधल्या गोष्टी वाचायला शिकवताना सापडले, 25 डॉलर दंड. त्यांनी तो भरून विषय मिटवला नाही. 4 जून 1923 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 असा निकाल देऊन तो कायदा मोडीत काढला. मुलांनी काय शिकावं यात पालकांनाही हक्क आहे, असं म्हटलं. आज अमेरिकेत आपली मुलं रविवारी मराठी शाळेत जातात. या निकालाचं नाव, 'मायर विरुद्ध नेब्रास्का', त्यांच्या आईबापांना ठाऊक असायला हवं.

खटला जिंकला, पण बोली हरलीच. आजी बोलते, विहीणबाईंना समजते, सुनेला शिव्या आणि पदार्थांची नावं येतात.

जुनी_जाणती
आणि जे व्होल्गावर मागे राहिले ते?

माळरान
@जुनी_जाणती, हा भाग लिहायचं टाळत होते.
1921-22 च्या दुष्काळात व्होल्गाकाठी माणसं उपाशी मेली. क्रांतीनंतर धान्य आधीच जप्त झालेलं, पेरायला बी नाही. तिकडून कॅन्सस-नेब्रास्कात पत्रं येत. इथले लोक पैसे, कपडे, अन्नाची पार्सलं पाठवत. सुनेच्या आजीकडे तशी चार पत्रं आहेत, जुन्या जर्मन वळणाच्या हस्ताक्षरात. घरात कोणालाच ती धड वाचता येत नाहीत. एका निवृत्त पाद्रीबाबांनी दोन वाचून दिली. दोन्हींत मुख्य मजकूर म्हणजे गेलेल्यांची नावं.

1924 मध्ये व्होल्गा जर्मनांचं स्वायत्त प्रजासत्ताक झालं खरं. पण हिटलरने हल्ला केल्यावर 28 ऑगस्ट 1941 च्या हुकुमाने व्होल्गाकाठचे सगळे जर्मन, चार लाखांच्या आसपास माणसं, मालगाड्यांत भरून सायबेरिया आणि कझाकस्तानात पाठवली. प्रजासत्ताक पुसलं गेलं. आजीकडची पत्रं त्याच्या आधीच थांबली आहेत.

1876 ला कोण निघालं आणि कोण राहिलं हे बऱ्याचदा कशावर ठरलं असेल? भरतीच्या वयाचा मुलगा घरात आहे का, तिकिटापुरते पैसे झाले का, म्हातारी निघायला तयार आहे का. सुनेच्या घरचे तीन भाऊ होते. दोन आले.

निमशहरी
...

अक्कलकोटी
ताई, व्हिक्टोरियाच्या त्या मोठ्या चर्चचा फोटो टाका की. रस्त्यावरून जाताना पाहिलंय, माळावर एकदम दोन मनोरे.

माळरान
@अक्कलकोटी, सेंट फिडेलिस. 1911 मध्ये पूर्ण झालं, मनोरे 141 फूट. बारा वर्षांवरच्या प्रत्येकाने वर्षाला 45 डॉलर आणि सहा गाड्या दगड द्यायचे असा गावाने नेम घातला होता. तेव्हाचे 45 डॉलर! मोठी कुटुंबं, सात-आठ डोकी. मला ते चर्च बघताना कौतुक वाटतं आणि त्या पोरांची दयाही येते. फोटो उद्या टाकते.

रेषेबाहेर
माझ्या भावाचे सासरे नेब्रास्कात लिंकनला आहेत, तेही 'रशियन जर्मन' म्हणवतात. त्यांना शोधायचं तर सुरुवात कुठून?

माळरान
@रेषेबाहेर, लिंकन म्हणजे तर माहेरघर. रशियन जर्मनांच्या इतिहासाची, 1968 मध्ये सुरू झालेली अमेरिकन संस्था तिथेच आहे, गावनिहाय माहिती ठेवते. आधी व्होल्गावरचं मूळ गाव कोणतं ते विचारा, त्याशिवाय पुढे सरकता येत नाही, कारण आडनावं त्याच त्याच. मग 1900 ची जनगणना, त्यात कोणत्या वर्षी आले ते असतं. 1890 ची शोधू नका, 1921 च्या आगीत जवळजवळ सगळी गेली. कॅन्ससचं नशीब चांगलं, राज्याची स्वतःची जनगणना 1885, 1895 अशी पाचच्या सालात व्हायची.

बोटीची यादी हवी असेल तर कुठल्या बंदरातून निघाले ते बघा. हॅम्बर्गच्या याद्या 1850 पासून बऱ्याच टिकल्या आहेत, ब्रेमेनच्या बहुतेक नष्ट झाल्या. मग अमेरिकेत उतरतानाची यादी हाच आधार. आणि सगळे न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरच उतरले, तिथल्या कारकुनाने आडनाव बदललं, हे कोणी सांगितलं तर फार मनावर घेऊ नका. ते बेट 1892 ला सुरू झालं आणि कारकून बोटीच्या यादीवरूनच नावं ताडून बघत. आडनावाचं स्पेलिंग बहुतेक वेळा नंतर, शाळेत नाहीतर बँकेत बदललेलं असतं.

रेषेबाहेर
मूळ गाव विचारलं. म्हणाले 'नॉर्का'. हे काय?

माळरान
@रेषेबाहेर, वा! नॉर्का हे व्होल्गाच्या डोंगराळ काठावरचं मोठं प्रोटेस्टंट गाव. तिथली बरीच माणसं लिंकनलाच गेली, शेतीऐवजी रेल्वेत आणि बीटाच्या मळ्यांवर मजुरीला. म्हणजे त्यांच्याकडे होमस्टेडची फाईल बहुधा मिळणार नाही. चर्चच्या नोंदींपासून सुरू करा, बाप्तिस्मा आणि लग्नं.

भीमाकाठ
ताई, ते कोबी-खिमा भरलेले पाव करत्यात म्हणं तिकडं. पाकृ?

माळरान
@भीमाकाठ, बिएरॉक. लिंकनला त्यालाच रुन्झा म्हणतात. सुनेकडून घेते, पण वेगळ्या धाग्यात टाकते. तिच्या आजीची अट आहे की त्यात मिरची घातली तर नाव बदलायचं.